चेहरा कुठे तोडलाय ते नंतर, कुठे तोडला नाही ते आधी पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटो मोठा करकरून पाहिला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. तुमची भाची फाईन आर्टला आहे, तिनं जूनमधे आजीच्या पंचाहत्तरीला आजीचंच पोर्ट्रेट करून दिलं, क्युबिस्ट पद्धतीचं, म्हणजे चेहरा तुकड्यांत तोडून वेगवेगळ्या बाजूंनी एकत्र मांडलेलं. आपल्या डावीकडचा अर्धा चेहरा हिरवट निळा, त्या बाजूचा डोळा बाजूनं काढलेला आणि खाली झुकलेला. उजवीकडचा अर्धा नारिंगी पिवळा, तिथला डोळा समोरून, टक्क उघडा, आणि दुसऱ्यापेक्षा दोन बोटं वर. नाक एकीकडे वळलेलं, ओठांचे दोन तुकडे, डावा खाली ओढलेला, उजवा दाबून धरलेला. खाली दोन मोठे हात आणि हातात काहीतरी पांढरं. तुम्हाला आई चिडलेल्या वाटतात, तुमच्या मिसेसना रडताना वाटतात, आणि आई स्वतः चित्र पाहून नातीला म्हणाल्या, "मी अशी दिसते का गं?" आणि मग गप्पच बसल्या. तेव्हापासून चित्र कपाटामागे उभं आहे, आणि तुम्ही विचारलंय की यातला नेमका भाव कोणता, राग की दुःख.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न त्याच्या मागे आहे, तो तुम्ही लिहिला नाही पण वाचताना कळतो. ह्या पोरीला आपली आई अशी तुटकीफुटकी काहून दिसली, हे तुमच्या मनात आहे, आणि आईंच्याही मनात तेच असणार. तर पहिले त्याचंच उत्तर देते. क्युबिझममधे चेहरा तोडतात तो त्या माणसाचं काही तुटलंय म्हणून तोडत नाहीत. त्यात सगळंच तोडतात, गिटार तोडतात, बाटली तोडतात, टेबलावरचं वर्तमानपत्र आणि चिलीम सुद्धा तोडतात. बाटलीला काय दुःख असतं. तोडणं ही त्या चित्राची बोलायची पद्धत झाली, ती काय बोलून राहिली हे त्या तोडण्याच्या आत जाऊन पाहावं लागतं.

मी नागपुरात २६ वर्षं पोर्ट्रेट करते आणि शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या पोट्ट्यापोट्टींपासून तर जी.डी. आर्ट झालेल्यांपर्यंत सगळे येतात. तरी तुमच्या चित्राबद्दल छातीठोक सांगू शकणार नाही, कारण बऱ्याच गोष्टी माझ्यासमोर नाहीत. फोटो रात्री ट्यूबलाइटमधे काढलेला दिसतो, वर काच आहे, काचेवर तुमच्या हॉलचा पंखा उमटलाय, त्यामुळे तो हिरवा खरा किती हिरवा आहे देव जाणे. चित्र केवढं आहे, ऑइल आहे की अ‍ॅक्रिलिक, आजीला समोर बसवून केलं की मोबाईलमधल्या फोटोवरून केलं, कॉलेजच्या असाइनमेंटमधे क्युबिझम करायचाच होता म्हणून केलं की तिला आपसूक तसं करावंसं वाटलं, यातल्या प्रत्येक गोष्टीनं अर्थ थोडाथोडा बदलतो. म्हणून निकाल नाही देत, मी स्वतः असं चित्र समोर आलं की कसं पाहते ते सांगते, मग तुम्ही घरी चित्र कपाटामागून काढून दिवसाच्या उजेडात तसं पाहा.

थोडा इतिहास सांगावाच लागेल, कारण तुमच्या घरातल्या भांडणाचं एक कारण तिथेच आहे. पिकासोनं १९०७ मधे 'दमोझेल दाविन्यों' हे पाच बायांचं चित्र केलं, त्यानंतर तो आणि ब्राक नावाचा दुसरा चित्रकार दोघं मिळून पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत हे काम करत राहिले. 'क्यूब' हा शब्द त्यांनी स्वतः ठेवलेला नाही, १९०८ मधे ब्राकची निसर्गचित्रं पाहून व्होसेल नावाच्या समीक्षकानं तो वापरला आणि तोच चिकटला. त्या पहिल्या काळातली पोर्ट्रेट्स पाहाल तर भाव शोधून डोळे दुखतील. १९१० मधलं कानवायलरचं पोर्ट्रेट घ्या, हा त्यांची चित्रं विकणारा पॅरिसमधला गॅलरीवाला, चित्र आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधे आहे. सगळं चित्र करडं आणि तपकिरी, जणू कोणी आरसा फोडून त्याचे तुकडे पुन्हा मांडलेत, त्यात केसांची एक लाट सापडते, टायची गाठ सापडते, घड्याळाची साखळी सापडते, अगदी खाली एकमेकांत धरलेले हात सापडतात. पण माणूस खूश आहे की नाराज, याचा काही पत्ता लागत नाही. तो लागू नये अशीच इच्छा होती, रंगही म्हणूनच बाजूला ठेवला होता, सगळं लक्ष एका गोष्टीवर की समोरचा माणूस अनेक बाजूंनी एकाच वेळी कसा मांडायचा.

पण दोनच वर्षांनी, १९१२ मधे, हुआन ग्रिस नावाच्या चित्रकारानं पिकासोचं पोर्ट्रेट केलं तर त्यात मला स्पष्ट आदर दिसतो. निळसर करडे स्वच्छ तुकडे, सगळे एका शिस्तीत तिरपे लावलेले, माणूस ताठ बसलेला, हातात रंगांची पॅलेट. त्यानं चित्रावर 'पाब्लो पिकासोला मानवंदना' असं फ्रेंचमधे लिहूनच टाकलंय, पण नसतं लिहिलं तरी ती शिस्त बोललीच असती. म्हणजे पद्धत तीच, पण एकात भाव मुद्दाम दाबलेला आणि एकात मांडणीतून आलेला. आणि आज कॉलेजमधली मुलं ज्याला क्युबिस्ट स्टाईल म्हणतात ते बहुतेक वेळा १९१० सारखं नसतं, त्यांच्या डोक्यात १९३७ चा पिकासो असतो, रंग भरपूर, डोळे दोन ठिकाणी, आणि भाव ठासून भरलेला. तुमच्या भाचीचं चित्रही मला त्याच घरातलं वाटतं, त्यामुळे त्यात भाव शोधणं चुकीचं नाही, फक्त शोधायची जागा चुकून राहिली.

ती जागा दाखवायला मी वर्गात दोन प्रिंट शेजारी शेजारी लावते. दोन्ही पिकासोचीच. एक 'रडणारी बाई', १९३७, लंडनच्या टेट या संग्रहालयात आहे. जेमतेम दोन फूट उंचीचं चित्र आहे, पण प्रिंटमधूनसुद्धा अंगावर येतं. दुसरं त्याच वर्षातलं 'डोरा मारचं पोर्ट्रेट', पॅरिसच्या पिकासो म्युझियममधलं. दोन्हीत बाई एकच, डोरा मार, ती स्वतः फोटोग्राफर होती आणि त्याच साली पिकासोचं 'ग्वेर्निका' हे मोठं चित्र तयार होत असताना त्याचे फोटो तिनंच काढले. दोन्हीत चेहरा समोरून आणि बाजूनं असा एकत्र, दोन्हीत रंग झगझगीत. रडणाऱ्या बाईच्या डोक्यावर तर लाल हॅट आहे आणि तिला निळं फूल. नुसत्या रंगांची यादी केली तर कोणी म्हणेल लग्नाला निघाली.

मग एक रडते आणि दुसरी निवांत गालाला हात लावून बसलीये हे कळतं कशावरून? कडांवरून. रडणारीच्या तोंडाभोवती तुकडे काचेसारखे टोकदार आहेत, तिनं तोंडाशी धरलेला रुमाल आणि तिची कातडी यांच्यात फरकच राहत नाही, बोटं, दात, कापड सगळं एकमेकांत घुसलेलं, आणि नेमका तेवढाच मधला भाग पांढरट निळा केलाय, बाकी चेहरा पिवळा हिरवा असताना. जणू तिथला जीवच गेला. दुसऱ्या चित्रात रेषा वळणदार आहेत, तुकडे एकमेकांना टोचत नाहीत, शेजारी शेजारी सुखानं राहतात, लांब लाल नखांचा हात गालाशी सैल टेकलाय. मुलांना मी दोन्ही प्रिंटमधे डोळे कागदानं झाकायला लावते. डोळे झाकले तरी कोण रडतंय ते कळतं, अगदी आठवीतल्या मुलांनाही कळतं. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडतो की आपण उगाच डोळे आणि ओठ यांच्यातच भाव शोधत होतो. (आणि हो, एप्रिल १९३७ मधे स्पेनमधल्या ग्वेर्निका गावावर बॉम्ब पडले, ही रडणारी बाई त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी झाली, हे माहीत असलं की ते रडणं एकट्या डोराचं राहत नाही. चित्राबाहेरची माहितीही भाव बदलते, ते पुढे तुमच्या बाबतीत येईलच.)

आपल्याकडेही हे पाहायला मिळतं. रझा आणि गाडे हे दोघं चित्रकार आपल्या नागपूरच्याच स्कूल ऑफ आर्टमधे शिकले, पुढे मुंबईत १९४७ मधे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला त्यात दोघं होते, आणि त्याच ग्रुपमधले सुझा जी डोकी काढायचे ती एकदा पाहा. डोळे पार कपाळात चढवलेले, रेषा काट्यांसारख्या. तोंड ओरडत नसलं तरी राग रेषेतूनच येतो.

आता तुमच्या चित्राकडे. मी सगळ्यात आधी काय पाहते, तर काय तोडलं नाही. तोडणारा माणूस सगळं सारखं तोडत नाही, कितीही ठरवलं तरी. जे त्याला जपायचं असतं तिथे ब्रश आपोआप हलका होतो, तो भाग अख्खा राहतो, हे मी माझ्या हातावरून सांगते आणि दरवर्षी मुलांच्या कामात पाहते. तुमच्या फोटोत अख्खं काय आहे? हात. चेहरा तोडलाय, खांदे तोडलेत, मागची भिंत तोडलीये, साडीचा पदरसुद्धा त्रिकोणांत गेलाय, पण हातांची बोटं मी मोजली, नऊ पूर्ण दिसतात आणि दहावं त्या पांढऱ्या गोष्टीमागे आहे. एवढ्या तोडफोडीत नऊ बोटं शाबूत राहणं योगायोग नसतो.

मग मी रेषा कुठे जातात ते पाहते. यासाठी सोपं काम करा, प्रिंट काढा, त्यावर बटर पेपर ठेवा आणि फक्त लांब रेषा पेन्सिलनं ओढा, डोळा-नाक-ओठ असं काही मनात आणू नका. मी फोटोवरून मोबाईलवरच बोटानं ओढून पाहिलं. नाकाची रेषा खाली येते, पदराची कड खाली येते, हिरव्या अर्ध्याची बाहेरची कड गळ्यावरून तिरपी खाली येते, आणि सगळ्या जिथे भेटतात ती जागा म्हणजे हातातली पांढरी गोष्ट. म्हणजे भाचीनं तुमची नजर चेहऱ्यावरून हातांकडे न्यायची सोय केली होती, पण तुम्ही सगळे चेहऱ्यावरच थांबलात, कारण तो आईचा चेहरा आहे आणि आईचा चेहरा असा पाहिला की कोणीही थांबणारच.

तिसरी गोष्ट, फोटो मोबाईलमधे ब्लॅक अँड व्हाईट करून पाहा. मी केला. मला वाटलं होतं की निळी बाजू काळपट आणि नारिंगी बाजू उजळ निघेल, म्हणजे एक दुःखाची एक सुखाची असं काहीतरी असेल, पण दोन्ही बाजू जवळजवळ एकाच टोनच्या, म्हणजे सारख्याच उजळ-गडद, निघाल्या. (तुमच्या ट्यूबलाइटचा घोळ धरूनही एवढं नक्की म्हणेन.) सगळ्यात गडद जागा दोनच, उघड्या डोळ्याची बाहुली आणि हातांखालची सावली, आणि सगळ्यात उजळ जागा हातातलं पांढरं. शिकणारी मुलगी टोन असा सांभाळते तेव्हा तिनं विचार केलेला असतो, कारण दोन विरुद्ध रंग एकाच टोनमधे आणणं कष्टाचं काम आहे, रंग पाच-पाच वेळा मिसळावा लागतो.

मग कडा. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि आधी उजवा अर्धा चेहरा झाका. काय दिसतं? झुकलेला डोळा, थंड रंग, खाली ओढलेला ओठ. आता डावा झाका. टक्क डोळा, गरम रंग, दाबलेला ओठ. मला वाटतं तुमच्या घरातलं भांडण इथेच मिटतं, वहिनी डावी बाजू पाहून राहिल्या आणि तुम्ही उजवी, दोघंही आपापल्या अर्ध्याचं बरोबर वाचून राहिले. आता कागद काढून दोन अर्धी जिथे जुळतात ती कड पाहा. ती तुटलेल्या काचेसारखी असती तर मी म्हटलं असतं की आत दोन गोष्टींची ओढाताण आहे. पण कपाळापाशी तो निळा हळूच नारिंगीत शिरलाय, कड उघडी ठेवलीये, हनुवटीपाशीही तसंच. एक तुकडा दुसऱ्यात असा मोकळा सोडायच्या पद्धतीला फ्रेंचमधे पासाज म्हणतात, सेझान या आधीच्या चित्रकारापासून ती आली आणि पुढे क्युबिस्टांनी उचलली. तर या दोन बाजूंचं एकमेकींशी वैर नाही, त्या एकाच बाईच्या दोन वेळा असाव्यात असं मला वाटतं.

इथे माझी एक गोष्ट सांगते, कारण ह्यात मी स्वतः अडखळलेली आहे. माझे वडील नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे, म्हणजे कंपोझिटर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे अक्षरं लावायची पट्टी, समोर केस, म्हणजे अक्षरांच्या खणांची पेटी, उजव्या हातानं एकेक अक्षर उचलून लावायचं, तेही उलटं, आणि त्या वेळी त्यांची मान वाकलेली आणि चेहऱ्यावर काहीही नसायचं, इतकी शांतता की आम्ही पोरं जवळ जाऊन उभी राहिलो तरी कळायचं नाही. ते रिटायर झाल्यावर मी त्यांचं क्युबिस्ट पद्धतीचं पोर्ट्रेट केलं, खिळ्यांसारखे बारीक चौकोनी तुकडे, करडा आणि शिशाचा रंग. सिव्हिल लाइन्समधल्या एका प्रदर्शनात लावलं तर येणारा प्रत्येक माणूस म्हणाला, किती उदास केलंय हो. एका बाईंनी तर विचारलं, वडील आजारी होते का. मला फार लागलं ते. मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात समाधानी चेहरा काढला होता आणि लोकांना आजारपण दिसून राहिलं होतं.

शेवटच्या दिवशी वडील आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही, डाव्या हाताच्या जागेवर बोट नेऊन म्हणाले, "स्टिक बरोबर धरलीये." आणि तेव्हा मला माझी चूक कळली. हात मी चेहऱ्यापेक्षाही बारीक तोडला होता, ज्यानं जन्मभर स्टिक धरली त्यालाच तो ओळखू येईल इतका. बाकीच्यांना फक्त वाकलेली मान दिसत होती, मान का वाकलीये हे दिसत नव्हतं. वाकलेल्या मानेचं कारण दिसलं नाही की पाहणारा माणूस तिथे दुःख भरून टाकतो, तसं दाबलेल्या ओठाचं कारण दिसलं नाही की तिथे राग भरतो. त्या दिवसापासून मी कोणतंही पोर्ट्रेट पाहताना आधी हात पाहते, आणि मुलांनाही सांगते की चेहरा हवा तेवढा तोडा पण माणूस काय करून राहिला ते पाहणाऱ्याच्या हाती लागू द्या. तुमच्या भाचीनं हे सांभाळलंय, तिच्या वयात मला नव्हतं जमलं.

दोन डोळे दोन दिशांना का, हेही सांगते, कारण आईंना तेच खटकलं असावं. वर्गात मी एकाच माणसाला बसवून चार बाजूंनी चार स्केच करायला लावते, समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि स्टुलावर उभं राहून वरून, आणि मग चारीतून एक चेहरा करायचा. जवळपास सगळी मुलं डोळा समोरून घेतात आणि नाक बाजूनं, मी न सांगता. कारण नाक कसं आहे ते बाजूनंच कळतं आणि डोळा समोरूनच पूर्ण दिसतो. हे काही पिकासोनं पहिल्यांदा केलं असं नाही, पश्चिम भारतातल्या जुन्या जैन पोथ्या पाहा, कल्पसूत्राच्या, त्यात चेहरा वळलेला असतो आणि पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर हवेत काढलेला असतो. तिथे त्या डोळ्याला कोणी विचित्र म्हणत नाही, दोन्ही डोळे दाखवायचे होते म्हणून दाखवले. क्युबिस्ट चित्रात त्यात आणखी एक भर पडते, दोन बाजूंसोबत दोन क्षणही एकत्र येतात. आत्ता खाली पाहणारी आजी आणि पुढच्या क्षणी वर पाहणारी आजी, दोघी एकाच चेहऱ्यात.

रंगाचं फार मनावर घेऊ नका असं म्हणेन. निळा म्हणजे दुःख आणि लाल म्हणजे राग हे कोष्टक कुठल्यातरी पुस्तकातून शाळेत येतं आणि मुलांच्या डोक्यातून मग निघत नाही. आपल्या नागपूरच्या मारबतीचंच पाहा नं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, पिवळीला लोक हात जोडतात आणि काळीसोबत इडापिडा घालवतात, आता हा पिवळा आपण हळदीवरून समजतो, दुसऱ्या देशातला माणूस त्याच पिवळ्यात आजार पाहील. आणि तुमच्या चित्रातल्या हिरव्या-निळ्याबद्दल मला एक साधी शंका आहे. वाढदिवस जूनमधे, म्हणजे चित्र एप्रिल-मेमधे झालं असणार. त्या दिवसांत आपल्याकडे अर्ध्या घरांच्या अंगणात, गच्चीवर हिरवी नेट बांधलेली असते. तुमच्याकडे होती का? असेल आणि आई दाराशी बसल्या असतील, तर एका गालावर नेटचा हिरवा उजेड आणि दुसऱ्यावर नेट नसलेल्या बाजूचं ऊन पडणारच. मी स्वतः मे महिन्यात अशा उजेडात काम केलंय, गोरा माणूसही हिरवा दिसतो. असं असेल तर भाचीनं समोर दिसलं ते प्रामाणिकपणे काढलं, त्यात आजीला आजारी दाखवायचा हेतू शोधू नका.

एवढं सगळं जोडून पाहिलं तर माझ्यासमोर काय उरतं: हात शाबूत, सगळ्या रेषा हातांकडे, सगळ्यात उजळ जागा हातात, चेहऱ्याच्या दोन बाजूंत भांडण नाही, एक डोळा हातांवर आणि एक आपल्यावर. याला मी राग म्हणणार नाही आणि रडणंही म्हणणार नाही.

आता ते पांढरं. फोटो पार मोठा केला तर ती गोष्ट बोटांच्या चिमटीत आहे, खाली फुगीर आणि वर टोक निघालेलं, आणि गुडघ्याच्या बाजूला एक गोल आहे, वाटीसारखा. मला त्या फुलवाती वाटतात. कापसाचा पुंजका घ्यायचा, दुधाचं नाहीतर पाण्याचं बोट लावायचं आणि टोक पिळायचं. माझी आई करायची, तुमच्या आई करतात का माहीत नाही, पण पंचाहत्तरीच्या बाया आपल्याकडे दुपारी दुसरं काय करत बसतात, आणि ते करताना ओठ आपोआप दाबला जातो, सुईत दोरा ओवताना जातो तसा. हात काम करतात, एक डोळा वातीवर, आणि दाराचं फाटक वाजलं की दुसरा डोळा वर, कोण आलं, जेवला का, उन्हातून आला तर पाणी घे आधी. ती नात दाराशी उभी राहून तेच पाहत असेल. त्या टक्क डोळ्यात तुम्हाला राग दिसला, मला तो आल्या-गेल्याची दखल घेणारा डोळा वाटतो. मी चुकीची असू शकते, वाती नसून लसूण असेल, कापूस नसून रुमाल असेल, आणि रुमाल असला तर वहिनींचं म्हणणं पुन्हा विचारात घ्यावं लागेल, हे आधीच सांगून ठेवते.

म्हणून भाचीला विचारा, पण "यात कोणता भाव आहे" असं नका विचारू. वीस वर्षांच्या चित्रकाराला हा प्रश्न केला की ती घाबरून काहीतरी मोठं वाक्य बोलेल आणि तुम्हाला काही कळणार नाही. तिला विचारा, सुरुवात कुठून केलीस, आणि कोणता भाग सगळ्यात जास्त वेळा पुसून पुन्हा केलास. पहिल्या प्रश्नाला ती चेहरा म्हणेल की हात, यावरून बरंच कळेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला बहुतेक उघडा डोळा वाटतं, तिथे रंगाचा थर जाड दिसतो.

आणि चित्र कपाटामागून आजच काढा, भिंतीला टेकून दमट जागी राहिलं तर पावसाळ्यात मागून बुरशी धरते. काच काढता आली तर काढा, अ‍ॅक्रिलिक नाहीतर ऑइल असेल तर काचेची गरज नाही. ट्यूबलाइटच्या समोर लावू नका, खिडकीचा उजेड बाजूनं येईल अशा भिंतीवर लावा, आणि उंची अशी ठेवा की आई खुर्चीत बसल्यावर ते हात त्यांच्या नजरेसमोर येतील, चेहरा त्याच्या वर. मग दोन-चार दिवसांनी सहज त्यांच्याजवळ बसून फक्त हातांवर बोट ठेवा आणि विचारा, आई, इथे तू काय करत होतीस. काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा, मी वाट पाहते.